यंत्राचे वाक्य वाचताना

धारच्या राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात ‘यंत्रविधान’ नावाचा अध्याय आहे. त्यात उडणारा लाकडी पक्षी आहे, पाण्याची यंत्रे आहेत. मात्र ती जोडावी कशी हे पूर्ण सांगितलेले नाही. हे अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी, असा खुलासाही ग्रंथातच आहे.

देवासला इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या माझ्या भाचीची अडचण वेगळी होती. “मामा, मला सगळं येतं, पण आजीला मराठीत सांगता येत नाही,” ती म्हणाली. येथे गुप्तता कोणी पाळली नव्हती. घरची भाषा आणि शिक्षणाची भाषा वेगळी झाली होती. म्हणून तिच्याकडून समजून घेतलेले येथे मराठीत मांडतो.

इंटेलचा ८०८५ हा १९७६ सालचा मायक्रोप्रोसेसर. तो स्मृतीशी, म्हणजे मेमरीशी, तारांच्या समूहातून बोलतो. त्या समूहाला बस म्हणतात. पत्ता १६ तारांचा, डेटा ८ तारांचा. मात्र पत्त्याचा खालचा अर्धा भाग आणि डेटा त्याच ८ तारांवरून आळीपाळीने जातात. आता कोण बोलत आहे, हे एएलई नावाची तार सांगते.

लॉजिक अ‍ॅनालायझर अनेक तारा एकाच वेळी पाहतो आणि प्रत्येक क्षणी तेथे शून्य आहे की एक, एवढेच नोंदवतो. जोडणी करताना आधी दोन्ही उपकरणांची ग्राउंड एक करावी. नाहीतर नोंदीवर विश्वास ठेवता येत नाही. मग पत्ता-डेटाच्या १६ तारा, तसेच एएलई, आरडी, डब्ल्यूआर आणि आयओ/एम अशा २० तारांना क्लिपा लावाव्यात. शून्य-एकची सीमारेषा सुमारे १.५ व्होल्टवर ठेवावी. एएलई खाली येताना पत्ता टिपावा. आरडी किंवा डब्ल्यूआर वर येताना डेटा टिपावा. हे क्षण चुकले, तर पत्त्यालाच डेटा समजण्याची चूक होते.

तपासणीसाठी लहानसा प्रोग्रॅम पुरे. २००० या पत्त्यापासून सी३, ००, २० हे तीन बाइट लिहावेत. अर्थ एवढाच : ‘पुन्हा २००० वर जा.’ पत्ता २००० दिसताच नोंद सुरू व्हावी, असा ट्रिगर लावावा. पडद्यावर २०००–सी३, २००१–००, २००२–२० आणि पुन्हा २००० असे आवर्तन दिसले, तर जोडणी बरोबर आहे.

आता समजा, तिसरा डेटा २० ऐवजी ०० दिसला आणि पुढचा पत्ता ०००० आला. किट वरवर पाहता आपोआप नव्याने सुरू होते; विद्यार्थी प्रोग्रॅमला दोष देतो. पण २० आणि ०० यांत फरक फक्त डी५ या एका बिटाचा आहे. सी३ मध्ये ते बिट मुळातच शून्य, म्हणून पहिला बाइट बिघडला नाही. रॅमची ती पिन सॉकेटमध्ये नीट बसली आहे का, हे आधी पाहावे. अनुस्वार गळाल्याने शब्द बदलावा, तसाच हा प्रकार.

बस, ट्रिगर, पिन हे शब्द मी तसेच ठेवले. पत्ता, वाचणे, लिहिणे, टिपणे हे आपल्याकडे होतेच. भाचीने हा मजकूर आजीला वाचून दाखवला. आजीने एकच विचारले, “मग ती पिन बसवली का?”