काचपट्टीतील श्राव्यातीत तरंगांचे प्रकाशीय मापन

काचेतून जाणाऱ्या श्राव्यातीत ध्वनितरंगांची, म्हणजे २०,००० हर्ट्‌झपेक्षा अधिक वारंवारतेच्या आणि माणसाला ऐकू न येणाऱ्या तरंगांची, तरंगलांबी व वेग प्रकाशाच्या साहाय्याने मोजण्याची ही पद्धत आहे. पृष्ठभागावर ग्राहक यंत्र टेकवल्यास ते तरंगाची काही ऊर्जा स्वतःकडे ओढून घेते. मोजणी करतानाच मोजायची राशी बदलते. प्रकाशाचा किरण हा अडथळा आणत नाही. काचेचा मुख्य घटक असलेली सिलिका वाळू सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरात काढली जाते.

इतिहास

१९३२ मध्ये डीबाय व सिअर्स यांनी अमेरिकेत आणि ल्यूका व बिकार यांनी फ्रान्समध्ये, द्रवातील श्राव्यातीत तरंग प्रकाशाचे विवर्तन घडवतात, हे दाखवले. १९३४ मध्ये शेफर व बर्गमन यांनी पारदर्शक घन पदार्थांतही असे आकृतिबंध मिळवले. या विवर्तनाचा सिद्धांत चंद्रशेखर वेंकट रामन व नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये बंगळूर येथे मांडला. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन प्रयोगशाळेत द्रवातील ध्वनिवेग मोजताना त्याचीच ओळख होते.

पद्धत

तरंगामुळे काच आळीपाळीने दाबली व ताणली जाते. ताणलेली वा दाबलेली काच प्रकाशाचे दुहेरी अपवर्तन करते. दोन आडव्या-उभ्या ध्रुवकांमध्ये काचपट्टी ठेवून तरंगाशी जुळवलेल्या क्षणिक प्रकाशझोतात पाहिल्यास धावता तरंग स्थिर भासतो आणि तेजस्वी पट्टे दिसतात. काचेत अनुतरंगाचा वेग सेकंदाला साधारणतः ५,५०० ते ६,००० मीटर असतो. मालवणच्या समुद्राच्या पाण्यात तो सुमारे १,५०० मीटर असतो. त्यामुळे १० लाख हर्ट्‌झ वारंवारतेस जाड काचेतील तरंगलांबी सुमारे साडेपाच ते सहा मिलिमीटर येते. पातळ पट्टीत मात्र लॅम्ब तरंग निर्माण होतात व त्यांचा वेग जाडी आणि वारंवारता या दोहोंवर अवलंबून असतो.

येथे एक फसवी जागा आहे. दाब आणि ताण दोन्ही सारखेच तेजस्वी दिसत असल्याने लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतर पूर्ण नव्हे, तर अर्धी तरंगलांबी असते. ते पूर्ण मानल्यास वेग निम्मा येतो.

स्पर्शाचा परिणाम

पट्टीवर एखादी वस्तू दाबून धरली, की काचेत स्थिर ताणही निर्माण होतो. त्याची दिशा तरंगाच्या ताणाशी जुळत असेल, तर तो एका अर्धचक्रात मिळवला जातो, दुसऱ्यात वजा होतो. एक पट्टा उजळतो, शेजारचा मंदावतो आणि पट्ट्यांचे अंतर पूर्ण तरंगलांबीइतके दिसू लागते. अर्थात स्पर्श जसा अडचणीचा, तसा उपयोगीही आहे : या स्थिर ताणामुळे प्रकाशाची तीव्रता लहान तरंगाच्या प्रमाणात बदलते आणि दाब कोठे, ताण कोठे हे ओळखता येते. मात्र खडबडीत पृष्ठभाग प्रत्यक्षात थोड्याच बिंदूंवर टेकतात. दाब वाढला, की हे बिंदू वाढतात व तरंगाची अधिक ऊर्जा दुसऱ्या वस्तूत निसटते. संपर्काच्या जागेपलीकडे पट्टे फिके पडतात. ही फिकटता मोजून संपर्क किती घट्ट आहे, याचा अंदाज बांधता येतो.