धावणाऱ्यांचे मंडळ कसे पारखावे?

व्यायामाचा संकल्प करणारी माणसे आपल्याकडे उदंड आहेत. तो तडीस नेणारी मात्र थोडी. चाळिशी उलटते, डॉक्टर रक्तातील साखरेचा आकडा पुढे ठेवतात आणि कोणीतरी सुचविते, 'अहो, धावायला लागा.' नवे बूट येतात. पहिले चार दिवस उत्साहात जातात, पाचव्या दिवशी पोटऱ्या धरतात आणि पंधरवड्याच्या आत बूट माळ्यावर जाऊन पडतात. याला आळस हे नाव देऊन मोकळे होण्याचा आपला प्रघात आहे. आमच्या मते पुष्कळदा दोष आळसाचा नसून एकटेपणाचा असतो. कुस्ती शिकावयाची तर तालमीत गेले पाहिजे, गाणे शिकावयाचे तर गुरूपाशी बसले पाहिजे, हे आपण निमूटपणे मान्य करतो. धावणे तेवढे आपोआप येते अशी आपली समजूत! म्हणून येथे धावण्याच्या गुणांचे वर्णन करण्याऐवजी, धावावे ते कोणाच्या संगतीने, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही करणार आहोत.

हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा निकडीचा झाला आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली, आणि यवतेश्वरच्या घाटातून वर चढणारी साताऱ्याची अर्धमॅरेथॉन २०१२ साली. या शर्यतींच्या मागोमाग गावोगावी 'रनर्स क्लब' आणि 'रनिंग ग्रुप' निघाले. पूर्वी मंडळच नव्हते, म्हणून निवडीचा प्रश्न नव्हता. आता दोन-चार मंडळे समोर असतात आणि नवख्या माणसाला त्यांतील भेद कळत नाही.

एकत्र धावण्याची कल्पना तशी जुनी आहे. लंडनमध्ये १८६८ साली 'थेम्स हेअर अँड हाउंड्स' हा रानावनांतून धावणाऱ्यांचा क्लब स्थापन झाला. तो या प्रकारातील जगातील सर्वांत जुना क्लब मानला जातो. एकाने ससा होऊन कागदाचे कपटे टाकीत पुढे जावयाचे आणि बाकीच्यांनी शिकारी कुत्र्यांप्रमाणे माग काढीत पाठलाग करावयाचा, असा तो खेळ. अशा खेळांत टोळीच्या पुढे जसा एक नायक असे, तसाच रेंगाळणाऱ्यांना सांभाळून आणण्यासाठी मागेही एक माणूस नेमलेला असे. मागच्या माणसाची ही योजना ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

आपल्याकडेही धावपटू घडला तो संस्थेच्या अंगणातच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची. तेथील स्पर्धांत अनवाणी धावणारी खेड्यांतील मुले पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांना त्यांच्या गुणांची जाणीव झाली आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचे पथक गेले. त्या पथकातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. अंगी बळ त्यांचे स्वतःचे होते, यात शंका नाही. पण ते पाहणारे, पारखणारे आणि पुढे धाडणारे कोणीतरी होते, हेही तितकेच खरे.

परंतु शर्यत जिंकण्याची इच्छा नसलेल्या सामान्य प्रौढ माणसासाठी मंडळ काढण्याची कल्पना बरीच अलीकडची आहे. न्यूझीलंडमधील विख्यात प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने १९६२ साली ऑकलंड येथे जॉगिंग करणाऱ्यांचा एक क्लब निघाला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील प्रशिक्षक बिल बोवरमन तेथे पाहुणे म्हणून गेले होते. मोठमोठ्या धावपटूंचे हे गुरू, वय पन्नाशीच्या पलीकडचे. क्लबाच्या मंडळींबरोबर धावताना ते मागे पडले. तेव्हा सत्तरी ओलांडलेले आणि हृदयविकारातून उठलेले एक वृद्ध सभासद मुद्दाम मागे राहून गप्पा करीत त्यांच्या सोबतीने आले. मायदेशी परतल्यावर बोवरमन यांनी आपल्या यूजीन गावातील नागरिकांना मैदानावर बोलाविले. थोड्याच आठवड्यांत गर्दी एवढी वाढली की, एखाद्याच्या जिवावर बेतेल या धास्तीने त्यांनी लोकांना परत पाठविले आणि डॉ. वॉल्डो हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञांच्या साहाय्याने लहान लहान गटांवर पद्धतशीर प्रयोग केले. त्यातूनच १९६७ साली त्या दोघांचे जॉगिंगवरील पुस्तक निघाले. त्यातील मुख्य उपदेश आजही जुना झालेला नाही : धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, बोलता येत नसेल तर वेग कमी करावा.

या सर्व इतिहासातून आम्ही एकच कसोटी काढतो. मंडळाचा सर्वांत वेगवान सभासद किती मिनिटांत किती अंतर तोडतो, हे विचारू नये. सर्वांत शेवटी येणाऱ्यासाठी कोण थांबते, हे पाहावे. इंग्लंडमध्ये २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये अवघ्या १३ धावकांनी जी साप्ताहिक पाच किलोमीटरची धाव सुरू केली, ती 'पार्करन' या नावाने आज अनेक देशांत पसरली आहे. तेथे सर्वांच्या मागे चालण्यासाठी एक स्वयंसेवक नेमलेला असतो. त्यामुळे खरा धावक कधीही शेवटचा येत नाही. योजना साधी आहे. पण शेवटचे येण्याच्या लाजेने घरी बसणारी किती माणसे तिने बाहेर काढली असतील!

आता मंडळ शोधावयाचे कसे? जाहिराती चाळण्यापेक्षा पहाटे उठून मैदानावर जावे, हा उत्तम मार्ग. कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठी, नागपुरात फुटाळ्याजवळ, पुण्यात वेताळ टेकडीवर, मुंबईत शिवाजी पार्क किंवा मरीन ड्राइव्हला उजाडण्यापूर्वी गेले तर धावणारे दिसतातच. आपल्या गावी कॉलेजचे मैदान किंवा तलावाचा बांध असेल. गावातील हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनाही विचारावे. कोणत्या मंडळाची माणसे गुडघे घेऊन वारंवार येतात, याचा अंदाज त्यांना असतो.

मंडळांचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. शेजारपाजारच्या लोकांचे विनावर्गणीचे गट हा पहिला. तेथे जिव्हाळा असतो, पण मार्गदर्शन बेताचे. दुसरा प्रकार फी घेऊन शिकविणाऱ्या वर्गांचा. तेथे वेळापत्रक असते, पण फी भरणाऱ्याला निकालाची घाई झालेली असते. तिसरा प्रकार स्पर्धेसाठी तयारी करणाऱ्या खेळाडूंचा. तिसऱ्यात नवख्याने शिरू नये आणि पहिल्यात राहून तरुण खेळाडूने आपली वर्षे दवडू नयेत. आपली गरज ओळखणे हीच निवडीची पहिली पायरी होय.

प्रकार ठरला की सभासद होण्यापूर्वी तीन सकाळी नुसते पाहुणे म्हणून जावे. पहिल्या दिवशी निघण्याची रीत पाहावी : अंग मोकळे करून, सावकाश सुरुवात होते की शिट्टी वाजताच पळापळ? दुसऱ्या दिवशी परतणाऱ्यांकडे पाहावे. शेवटचा माणूस येईपर्यंत मंडळी थांबली आहेत, की चहाच्या टपरीवर पांगली आहेत? तिसऱ्या दिवशी ज्याला दुखापत झाली आहे असा सभासद गाठावा. 'विश्रांती घ्या' असे त्याला सांगितले गेले, की 'दुखणे अंगावर काढा' असे? या तीन सकाळी जे दिसते, ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

प्रश्नही विचारावेत, आणि त्यात संकोच मानू नये. शिकविणाऱ्याने शिक्षण कोठे घेतले? पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक तयार करीत आली आहे; तेथील किंवा ॲथलेटिक्स महासंघाचे प्रमाणपत्र असल्यास उत्तम. नसल्यास निदान त्याच्या हाताखाली दोन-तीन वर्षे टिकलेले प्रौढ सभासद असावेत. वर्गणीची पावती मिळते काय? हिशेब सभासदांपुढे ठेवला जातो काय? संस्था नोंदणीकृत नसली म्हणून ती वाईट ठरत नाही. पण पैसे घ्यावयाचे आणि पावती मागितली की चेहरा पाडावयाचा, हे लक्षण बरे नव्हे. बूट, चूर्णे आणि डबाबंद खाद्ये विकण्याकडे ज्याचा ओढा अधिक, ते मंडळ नसून दुकान आहे असे समजावे.

एक प्रश्न मात्र जिवाशी निगडित आहे : छाती दाबून हृदयक्रिया पुन्हा चालू करण्याची प्रथमोपचाराची रीत किती सभासदांना येते? अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील लांब पल्ल्याच्या शर्यतींचा एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १ कोटी ९ लक्ष धावकांत ५९ जणांचे हृदय बंद पडले, म्हणजे जवळजवळ १ लक्ष ८४ हजारांत एकाचे. हे प्रमाण इतके अल्प आहे की भिऊन घरी बसण्याचे कारण नाही. पण त्या ५९ पैकी ४२ जण दगावले, आणि जे वाचले त्यांच्या बाबतीत जवळच्या माणसांनी तत्काळ केलेला उपचार निर्णायक ठरला. एकट्याने धावणाऱ्याला ही सोबत नसते. चाळिशीनंतर, किंवा घराण्यात हृदयविकार, मधुमेह असल्यास, आरंभी वैद्यकीय तपासणी करून घ्यावीच. आणि जे मंडळ ती मागते, ते कटकटे न समजता जबाबदार समजावे.

स्त्रियांच्या दृष्टीने आणखी काही गोष्टी पाहणे अवश्य आहे. मार्गावर दिवे आहेत काय, कपडे बदलण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय आहे काय, मंडळाच्या कामकाजात स्त्रियांना स्थान आहे काय? ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ पर्यंत नव्हती. स्त्रीला हे झेपणार नाही ही समजूत मोडावयाला इतकी वर्षे लागली. तिचा अवशेष एखाद्या मंडळात अजून दिसला, तर तेथून सरळ निघावे.

अंतराचा विचारही व्यवहाराने करावा. पहाटे पाचला गाठावयाचे मंडळ घरापासून दूर असेल, तर ते कितीही नामांकित असले तरी तिसऱ्या आठवड्यात सुटते. जवळचे साधारण मंडळ दूरच्या उत्तम मंडळापेक्षा हितकर. शिवाय वैशाखात विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात वेळ पाळणे हाच अर्धा व्यायाम. उष्म्याची सवय होण्यास शरीराला सुमारे दोन आठवडे लागतात. त्या अवधीत अंतर आणि वेग कमी करावयास सांगणारा मार्गदर्शक मिळाला तर त्याला सोडू नये. उलट, तीन महिन्यांत प्रत्येकाला ४२ किलोमीटर धावविण्याची हमी देणाऱ्यापासून चार हात दूर राहावे.

यावर कोणी म्हणतील, मागच्यासाठी थांबत राहिले तर पुढच्याची प्रगती खुंटणार नाही काय? ही शंका गैर नाही. तिचे उत्तर असे, की रोज सर्वांनी थांबावे असे आम्ही म्हणत नाही. वेगाप्रमाणे गट असावेत, कठीण सरावाचे दिवस वेगळे असावेत. आणि मागे राहण्याची पाळी आळीपाळीने यावी. ज्या दिवशी आपली पाळी असेल, त्या दिवशीची संथ धाव वेगवान माणसालाही विश्रांतीसारखी उपकारक ठरते.

तात्पर्य, मंडळ निवडताना पताका, पदके आणि छायाचित्रे यांना भुलू नये. महिनाभर जाऊन पाहावे. महिन्याअखेर पाय दुखत असतील तर हरकत नाही. पण पहाटे उठताना 'तेथे माझी कोणी वाट पाहत असेल' असे मनात येत नसेल, तर खुशाल दुसरे मंडळ शोधावे. आणि असे मंडळ गावात मुळीच नसेल, तर दोघांनी मिळून ते सुरू करावे. एक पुढे धावेल, दुसरा मागे, आणि दर पंधरा दिवसांनी दोघांनी जागा बदलाव्यात.