दारू एकदम बंद केली की

२०११च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. त्यात शहरी जेमतेम ३१ टक्के. जिल्ह्यातल्या सेलू, मानवत, पाथरीसारख्या लहान शहरांतही सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून दारू सोडायची तीही घरातच, गुपचूप. धोका इथेच आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की काही तासांत हात थरथरतात, कपबशी खणखणते, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते; दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास होतात, माणूस बरळतो. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं लागलं.’ तसं काही नसतं. दारूने दाबून ठेवलेला मेंदू अचानक उसळलेला असतो. डॉक्टर डायझेपामसारखं औषध देऊन ते हळूहळू कमी करतात, बी-१ जीवनसत्त्व टोचतात. सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. फिट आली तर मात्र थेट १०८.