बोलिव्हियाला जायचे आहे? मग एवढे वाचाच!

परदेश म्हटला की आपल्या वस्त्यांमध्ये दुबई, मस्कत, फार तर इंग्लंड-अमेरिका एवढीच नावे निघतात. परंतु आता आपली मुले-मुली शिकली आहेत आणि कंपनीच्या किंवा संस्थेच्या कामाने कुठेही जाऊ लागली आहेत. दक्षिण अमेरिकेतला बोलिव्हिया हा असाच एक देश. त्याला समुद्रकिनारा नाही. डोंगराळ भागात आयमारा आणि केचुआ या मूळनिवासी समाजांची मोठी वस्ती आहे. तिकडे जाताना बॅगेत काय भरावे याच्या याद्या पुष्कळ मिळतात. तेथे गेल्यावर माणसांशी कसे वागावे हे मात्र फारसे कोणी सांगत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी प्रकृतीचे बघू. ला पाझ हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३६०० मीटर उंचीवर आहे आणि त्याचा विमानतळ एल आल्तो येथे ४००० मीटरच्याही वर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे विमानातून उतरताच माणूस जवळजवळ अडीच कळसूबाई चढलेला असतो! हवा विरळ, प्राणवायू कमी. डोके ठणकते, मळमळते, झोप येत नाही. तिकडे याला ‘सोरोचे’ म्हणतात. जमल्यास आधी कोचाबांबासारख्या २५०० मीटरच्या शहरात दोन-तीन दिवस काढून मग वर जावे. पहिले दोन दिवस जड सामान उचलू नये, जेवण हलके ठेवावे, पाणी भरपूर प्यावे, दारूला शिवू नये. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळपर्यंत थांबायचे नाही. लगेच रुग्णालय गाठायचे आणि खाली उतरायचे.

विदर्भातील कुटुंबांनी पुढचा मजकूर दोनदा वाचावा. आपल्या बौद्ध आणि आदिवासी घरांत सिकलसेल आढळतो. ज्याला डॉक्टर ‘वाहक’ म्हणतात, त्याला नागपुरात काहीच त्रास नसतो. वर्षानुवर्षे त्याला पत्ताही लागत नाही. पण एवढ्या उंचीवर प्राणवायू कमी पडला की अशा माणसाच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडून डाव्या बरगडीखाली असह्य कळ येऊ शकते. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्याचा धोका तर फारच मोठा. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. सरकारी रुग्णालयात ही तपासणी होते. अहवाल काहीही आला तरी लपवू नये, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तेथे कळ आलीच तर गॅस झाला समजून पडून राहू नये. डॉक्टरला ‘आनेमिया फाल्सिफोर्मे’ हे दोन शब्द सांगावेत, सिकलसेलचे ते स्पॅनिश नाव आहे.

आता बोलण्याचे. दुकानात, बसमध्ये, कचेरीत शिरताना आधी ‘ब्वेनोस दियास’ म्हणजे सुप्रभात म्हणावे. दुपारनंतर ‘ब्वेनास तार्देस’. अभिवादन न करता एकदम भाव विचारणारा माणूस तेथे उद्धट ठरतो. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला ‘सेन्योरा’ म्हणावे. ओळख झाली की ‘कासेरा’ म्हणतात. गंमत अशी की तीही गिऱ्हाइकाला ‘कासेरा’ किंवा ‘कासेरो’ म्हणते. भाव फार पाडू नये. उलट खरेदी झाल्यावर ‘यापा’ मागावी. आपण भाजीवालीला ‘वर दोन मिरच्या टाक’ म्हणतो ना, तीच ही यापा.

एक शब्द मात्र तोंडातून चुकूनही जाता कामा नये. तो म्हणजे ‘इंदियो’. आपल्याला वाटते, आपण इंडियाचे, तेव्हा आपण इंदियो. तेथे शेकडो वर्षे मूळनिवासी माणसाला हिणवून हाक मारायची तर हाच शब्द वापरला गेला. एखाद्याला त्या नावाने बोलणे म्हणजे सरळ शिवी. स्वतःची ओळख ‘सोय दे ला इंदिया’, म्हणजे मी भारतातून आलो, अशी द्यावी. दुसरी गोष्ट, तेथील लोक आपल्याला ‘इंदू?’ असे विचारतात. हा ‘हिंदू’ शब्दाचाच स्पॅनिश उच्चार. पण प्रश्न बहुधा धर्माचा नसतो, देशाचा असतो. तेव्हा कपाळाला आठ्या घालू नयेत. बौद्ध असल्यास ‘सोय बुदिस्ता’ असे आनंदाने सांगावे.

ला पाझमध्ये मुरिल्यो चौक आहे. अध्यक्षांचा जुना वाडा आणि संसद याच चौकात. आज तेथे घेरदार झगा आणि गोल टोपी घातलेल्या आयमारा बाया बाकांवर निवांत बसलेल्या दिसतात, मुले कबुतरांना दाणे टाकतात. १९५२ च्या क्रांतीपूर्वी त्यांच्या समाजाला या चौकात पाऊल ठेवण्याची मनाई होती. चवदार तळे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे अधिक उलगडून सांगायला नको. मतदानाचा हक्कही त्याच साली सर्वांना मिळाला. २००९ च्या राज्यघटनेने स्पॅनिशसोबत ३६ मूळनिवासी भाषांना राजभाषेचा दर्जा दिला आणि २०१० मध्ये वंशभेदाविरुद्ध कायदा झाला. या बायांचा पोशाख ही तेव्हा तमाशाची गोष्ट नव्हे. न विचारता फोटो काढला तर त्या तोंड फिरवतात, कधी ओरडतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. आधी विचारावे. नाही म्हटल्यास कॅमेरा मिटावा.

याच शहरात माकडटोपीने संपूर्ण चेहरा झाकलेली, फक्त डोळे दिसणारी मुले आणि पुरुष रस्त्यात भेटतात. नवखा माणूस दरोडेखोर समजून दचकतो. ते बूट पॉलिश करणारे कामगार आहेत. या कामाला समाज कमी लेखतो. आपण हे काम करतो हे शेजाऱ्यांना, शाळेतल्या मित्रांना, काहींच्या बाबतीत घरच्यांनाही कळू नये, म्हणून ते तोंड झाकतात. कामावरून माणसाची किंमत ठरवण्याची खोड फक्त आपल्याच देशात आहे असे नाही! त्यांना घाबरू नये, टोपी काढायला सांगू नये, फोटो तर मुळीच नको. पॉलिश करून घ्यावी, ठरलेले पैसे द्यावेत आणि ‘ग्रासियास’ म्हणावे. त्यांच्यातले काही ‘ओर्मिगोन आर्मादो’ नावाचे वृत्तपत्रही विकतात. तेही जरूर घ्यावे.

पोतोसी शहरात सेरो रिको डोंगराच्या चालू खाणींत पर्यटकांना फिरवतात. स्पॅनिश राजवटीत मूळनिवासी गावांतील दर सात प्रौढ पुरुषांमागे एकाला पाळीने या चांदीच्या कामावर सक्तीने धाडले जाई. शुद्ध वेठबिगारीच. आजही आत धूळ, विषारी वायू आणि दरड कोसळण्याचे भय आहे. माझे मत विचाराल तर दुसऱ्याचे मरणाचे काम पाहायला तिकीट काढून जाऊ नये. शहरातली जुनी टांकसाळ आता संग्रहालय आहे, ती पाहावी.

चोरांपासून सावधगिरी हवीच. साध्या वेशातला कोणी ‘मी पोलीस’ म्हणत पासपोर्ट आणि पैसे तपासायला मागतो आणि टॅक्सीत बसायला सांगतो. बसायचे नाही. जवळच्या दुकानात किंवा हॉटेलात शिरावे आणि ११० या क्रमांकावर पोलिसांना बोलवायला सांगावे. रस्त्यात हात करून टॅक्सी थांबवण्यापेक्षा हॉटेलातून फोन करून रेडिओ टॅक्सी मागवावी. २०१४ पासून ला पाझ आणि एल आल्तो यांच्यामध्ये तारेवरचे पाळणे धावतात. त्यांतून फिरणे सोयीचे पडते.

रास्ता रोको आपल्याला नवा नाही. तेथेही तो वारंवार होतो. त्याला ‘ब्लोकेओ’ म्हणतात. लांबच्या प्रवासात पाणी, बिस्किटे आणि गरम कपडे जवळ ठेवावेत. अडवलेल्या रस्त्यातून गाडी काढण्यासाठी ड्रायव्हरमागे लकडा लावू नये आणि परक्या देशातल्या आंदोलनात घुसूही नये.

परतताना दोन गोष्टी. कोकाच्या पानांचा चहा तेथे राजरोस मिळतो, हॉटेलवालेही उंचीच्या त्रासावर देतात. पण आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कोकाचे पान येते. त्याची एक पुडीसुद्धा भेट म्हणून आणू नये. ज्यांच्या कंपनीत अमली पदार्थांची लघवी तपासणी होते, त्यांनी तो चहा पिऊही नये. दुसरी गोष्ट पिवळ्या तापाच्या लसीची. ती सरकारमान्य केंद्रातच, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी. बोलिव्हियाहून थेट येणाऱ्याजवळ तिचे कार्ड नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. ते कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नये, पासपोर्टलाच लावून ठेवावे.