दोघंही कर्णबधिर, मग मूल?

कानावर उठू शकणाऱ्या जेंटामायसिन या इंजेक्शनाचं आज सांगणार होतो, पण ते आठवडाभर थांबेल. जठारपेठेत स्पीच थेरपीचं क्लिनिक चालवणाऱ्या एका वाचक ताईंचा प्रश्न आलाय आणि तो माझ्या भलत्याच आवडीचा. त्यांच्याकडे लहानपणापासून येणाऱ्या एका कर्णबधिर मुलाची सोयरीक कर्णबधिर मुलीशी जुळतेय. मुलाची आई विचारते, ‘मॅडम, नातवंडाला ऐकू येईल ना?’

‘दोघंही तसेच, मग मूलही तसंच,’ असं सांगून लोक मोकळे होतात. पण ऐकू येण्यामागे शंभरावर जनुकं राबतात. त्याचं कोणतं बिघडलंय आणि तिचं कोणतं, ते आधी पाहायला हवं. दोघांच्याही जीजेबी२ जनुकाच्या दोन्ही प्रती नादुरुस्त असतील, तर मुलाला चांगली प्रत मिळणार कुठून? (बहिरेपणाशी याचं नातं १९९७ साली उघड झालं. आपल्याकडे त्यातला डब्ल्यू२४एक्स हा बिघाड वारंवार सापडतो, युरोपात ३५डेलजी.) त्याचं जीजेबी२ आणि तिचं दुसरंच एखादं प्रच्छन्न जनुक बिघडलेलं असेल, तर मात्र एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मुलं ऐकणारी, फक्त वाहक.

ताईंनी फाइलमधल्या पाठकोऱ्या कागदावर वंशावळ काढून पाठवलीय. मुलाचे आईवडील मामे-आतेभावंडं, म्हणून त्या चौकोन-गोलाच्या मध्ये दुहेरी रेघ. इथे आनुवंशिकतेचा संशय बळावतो. मुलीच्या बाजूला एवढंच : ‘दोन वर्षांची असताना ताप, नंतर ऐकू येईना.’

मी अडलो तो या तापावर. मेंदूज्वरानं कान जातात हे खरं. पण पुष्कळदा मूल जन्मतःच ऐकत नसतं, बोलेना म्हणून दीड-दोन वर्षांनी घरच्यांच्या लक्षात येतं आणि नुकत्याच येऊन गेलेल्या तापावर आळ जातो. तेव्हा मुलीच्या आईला विचारा : तापाआधी ती ‘मामा’, ‘आजी’ म्हणायची का? कुकरच्या शिट्टीला दचकायची का? मागून हाक मारली तर वळायची का? शब्द येऊन गेलेच नसतील, तर ताप बहुधा निर्दोष. (उलट शब्द आले होते म्हणून आनुवंशिक नाहीच, असंही धरू नका, काही प्रकार उशिरा उतरतात.) हे खोदून विचारणं जनुकतज्ज्ञापेक्षा थेरपिस्टला जास्त जमतं. रक्ताची तपासणी आणि शक्यतेचे आकडे तेवढे त्यांच्यावर सोपवा.

आणि चिंता आईची आहे. त्या दोघांना कोणी खुणांच्या भाषेत विचारलंय का, त्यांना काय वाटतं ते?

मुलीच्या त्या तापात इंजेक्शनं कोणती दिली होती, हेही विचारून ठेवा; जेंटामायसिन असेल, तर कान त्यानंही गेले असू शकतात. मुलीत या औषधापुढे कान हळवे करणारा १५५५ए-जी हा मायटोकॉन्ड्रियातला, आईकडूनच येणारा बदल असला, तर तिच्या सगळ्या मुलांत तो उतरणार. ती बहुधा ऐकणारी जन्मतील, पण जेंटामायसिनपासून त्यांना जन्मभर जपावं लागेल. तिच्या आजोळची, विशेषतः मावश्यांची माहिती पुढच्या आठवड्यापर्यंत जमली तर पाठवा. जेंटामायसिनचा लेख तिथूनच सुरू करतो.