भिवंडीच्या मोहल्ला समित्या

गावाची राखण गावानेच करावी, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. पूर्वी पाटील चोरीचा तपास करी आणि जागल्या रात्री गस्त घाली. शहरात मात्र वस्ती कितीही दाट असली, तरी शेजाऱ्याची शेजाऱ्याशी ओळख असतेच असे नाही. मग पोलीस शिपायाची कोठून असणार?

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. दूरदूरच्या प्रांतांतून आलेले हिंदू व मुसलमान कामगार तेथे मागावर पोट भरतात. या शहरात १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली भीषण दंगली झाल्या. माणसे मेली, घरे जळाली, माग थंड पडले. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे हे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. दंगल उसळल्यावर बंदुका घेऊन धावण्यापेक्षा ती उसळूच नये, यासाठी त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या स्थापन केल्या. त्यांची संख्या सुमारे ७० झाली. दोन्ही समाजांतील साधे रहिवासी व त्या भागातील पोलीस समितीत एकत्र बसत.

त्यांच्यापुढे येणारे प्रश्न बहुधा किरकोळच असत. शेजाऱ्यांचे भांडण किंवा मिरवणुकीची वाट, एवढेच. पण या निमित्ताने शिपाई लोकांना नावाने ओळखू लागला आणि लोकांनाही त्याचे भय वाटेनासे झाले. अफवा उठली, तर तिचे खरेखोटे कोणाला विचारावे, हे प्रत्येकास ठाऊक झाले.

डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबईत दंगल पेटली. त्या महिन्यात व पुढील जानेवारीत तेथे सुमारे ९०० लोक प्राणास मुकले. ज्या भिवंडीची सर्वांना धास्ती, ती मात्र शांत राहिली.

या समित्यांच्या हाती शिक्षेचा अधिकार नव्हता. हा भेद लहान नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा पसरली. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या जमातीतील पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठार मारले. त्या जमावालाही आपल्या मुलांचे रक्षणच करावयाचे होते. परंतु ही माणसे कोण, कोठली, याची खातरजमा होण्यापूर्वीच शिक्षा होऊन गेली.

भिवंडीचे यशही कायमचे नव्हते. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगत पोलीस ठाणे बांधण्यावरून तेथे तंटा माजला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मरण पावले आणि जमावाने दोन शिपायांचा बळी घेतला. खोपडे यांची बदली होऊन तेव्हा बरीच वर्षे लोटली होती.