तंबाखूची तलफ आणि औषधांचे साहाय्य

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके नीरेच्या डाव्या कालव्यामुळे आणि उजनीच्या जलाशयामुळे उसाचे आगर झाले. आणि दिवाळीच्या आगेमागे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी येथील साखर कारखान्यांचे गळीत सुरू झाले, म्हणजे ऊसतोडीच्या फडापासून वजनकाट्यापर्यंत आणि बैलगाडीच्या तळापासून रात्रपाळीच्या बॉयलरपर्यंत कष्टाचे आणि जागरणाचे जे सत्र चालू होते, त्यात तंबाखूची पुडी, चुन्याची डबी आणि बिडीचे बंडल ही भाकरीइतकीच आवश्यक समजली जातात. हे पाहून कोणास नवल वाटत नाही. एखाद्याने तंबाखू सोडली, तर मात्र त्याच्या निग्रहाची वाखाणणी होते. आणि ज्याला ती सोडता येत नाही, त्याच्या मनाच्या दुबळेपणावर घरातली माणसे, शेजारी आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा बोट ठेवतात. तंबाखू सोडणे ही सर्वस्वी मनोबलाची परीक्षा आहे, हा समज आपल्याकडे इतका रूढ आहे की तिच्यावर डॉक्टरच्या चिठ्ठीने मिळणारी औषधे आहेत, ती कित्येक वर्षे वापरात आहेत आणि ती बऱ्यापैकी गुण देतात, ही वार्ताच पुष्कळांच्या कानी पडलेली नसते. त्या अज्ञानापायी अनेकांचे आयुष्य उणे झाले आहे, आणि म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडणे अवश्य वाटते.

पाश्चात्त्य ग्रंथांत ह्या औषधांचे वर्णन 'धूम्रपान सोडविणारी औषधे' असे असते. आपल्या प्रांतात मात्र प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. २०१६-१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखूचे सेवन करताना आढळले. परंतु एकंदर प्रौढांत बिडी, सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के भरले, आणि मळून खाणारे, गुटखा चघळणारे, मिसरी लावणारे २४.४ टक्के. पुणे जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर ह्या गोष्टीची नोंद फार पूर्वी झालेली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी ह्यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस ह्याच जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून घरोघर जाऊन १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली, आणि १९७२ साली प्रसिद्ध झालेली ती पाहणी मुखकर्करोगाच्या अभ्यासात आजही प्रमाणभूत मानली जाते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू दातांना लावणाऱ्या स्त्रियांची संख्या त्या पाहणीत मोठी होती. आणि मिसरीला व्यसन न म्हणता दंतमंजन म्हणण्याची आपली रीत असल्यामुळे, ती लावणारी आजी कोणत्याही डॉक्टरपुढे तंबाखूची रोगी म्हणून बसत नाही.

रोगाचे भय तर ह्या मुलखाला अपरिचित नाही. बारामतीचे शरद पवार ह्यांना २००४ साली तोंडाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया आणि उपचार होऊन ते त्यातून बाहेर पडले, आणि सुपारी सोडण्याविषयी चाळीस वर्षांपूर्वी कोणी सावध केले असते तर बरे झाले असते, अशी हळहळ त्यांनी पुढे जाहीर व्यासपीठावरून व्यक्त केली. तासगावचे आर. आर. पाटील ह्यांना त्याच रोगाने फेब्रुवारी २०१५ मध्ये आपल्यातून नेले. भय आहे, उदाहरणे डोळ्यांपुढे आहेत, तरीही पुडी सुटत नाही. आणि ती का सुटत नाही, ह्याचे उत्तर मेंदूत आहे.

बिडीचा झुरका घेतला की त्यातील निकोटिन फुफ्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत दहा ते वीस सेकंदांत पोहोचते. मेंदूतील पेशींवर असिटिलकोलिन नावाच्या नैसर्गिक संदेशवाहकासाठी जे ग्राही असतात, त्यांवर निकोटिन जाऊन बसते आणि सुखसंवेदनेशी निगडित असलेल्या डोपामिन ह्या द्रव्याचा स्राव वाढविते. हे रोज अनेक वेळा घडू लागले की मेंदू त्या ग्राहींची संख्याच वाढवून ठेवतो. रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. रिकामे पडलेले ग्राही मागणी करू लागतात, आणि त्या मागणीलाच आपण तलफ म्हणतो. चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, कामात लक्ष न लागणे, वाढलेली भूक, बद्धकोष्ठ ही सारी तिची लक्षणे होत. 'तंबाखू खाल्ल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही' असे जे खेड्यात म्हटले जाते, त्याची सबब म्हणून हेटाळणी करण्याचे कारण नाही. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते आणि ते बंद झाले की काही काळ ती मंदावते, हे वैद्यकास मान्य आहे. ही लक्षणे पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असतात आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतांशी ओसरतात. निग्रही माणूससुद्धा पहिल्याच आठवड्यात पुन्हा पुडीकडे वळतो, तो ह्यामुळे.

तंबाखूत चुना का मळावा लागतो, ह्याचेही रसायनशास्त्र जाणून घेण्याजोगे आहे. आम्ल द्रवात निकोटिनचे रेणू विद्युत्भारित होतात आणि भारित रेणूंना तोंडाच्या आतील त्वचेतून पार होणे जड जाते. चुन्याने द्रव अल्कधर्मी झाला की ते भाररहित होतात आणि गालाच्या अस्तरातून सहज रक्तात शिरतात. बिडीच्या मानाने हा मार्ग संथ आहे, पण ओठाआड धरलेला बार बराच वेळ निकोटिन पुरवीत राहतो. सबब, 'मी ओढत नाही, नुसती खातो' असे म्हणणाऱ्याची तलफ सौम्य असते असे मुळीच नाही.

हुकमाने हे बंधन तुटत नाही, हा अनुभव जुना आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा वकील असद बेग ह्याने विजापुराहून तंबाखू नेऊन बादशहापुढे ठेवली, तेव्हाच दरबारच्या हकिमाने हरकत घेतली होती. १६१७ साली जहांगिराने मनाईचे फर्मानही काढले, आणि तंबाखू पसरतच राहिली. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. ती आवश्यक होती ह्याविषयी मला संशय नाही. परंतु बंदीने नवा माणूस व्यसनापासून दूर ठेवता येतो, जडलेल्या माणसाच्या मेंदूतील ग्राही बंदीने शांत होत नाहीत.

ते शांत करण्याची पहिली तजवीज स्वीडनमध्ये झाली, आणि तिचा उगम चघळण्याच्या तंबाखूत आहे ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. पाणबुडीत ओढण्यास मनाई असल्यामुळे तेथील नौसैनिक त्या काळात तंबाखू चघळून तलफ भागवितात, असे लुंड येथील शरीरशास्त्रज्ञ क्लेस लुंडग्रेन ह्यांच्या ध्यानी आले, आणि १९६७ साली त्यांनी ते औषधरसायनज्ञ ओवे फर्नो ह्यांस पत्राने कळविले. त्यातून निकोटिनचे च्युइंगम तयार झाले. तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्ये वगळून केवळ निकोटिन, तेही मोजून, शरीरास द्यावयाचे आणि मग मात्रा उतरवीत न्यावयाची, ही त्यामागील योजना. आपल्याकडे २ मिलिग्रॅमचे गम चिठ्ठीवाचून मिळते, ४ मिलिग्रॅमच्या गमास डॉक्टरची चिठ्ठी लागते. ते गोड गोळीसारखे चावत सुटावयाचे नसते. हळूहळू चावावे, जीभ चुणचुणू लागली की गाल आणि हिरडी ह्यांच्या मध्ये ठेवावे, आणि चुणचुण गेली की पुन्हा चावावे. बार धरण्याची सवय असलेल्यास हे शिकवावे लागत नाही. फक्त त्याआधी पाव तास आणि ते तोंडात असेतो चहा, कॉफी वा आंबट पेय घेऊ नये; कारण आम्लाने निकोटिनचे शोषण अडते, आणि 'गमाने काहीच झाले नाही' ही तक्रार पुष्कळदा चहामुळे उद्भवते.

दुसरे औषध ब्युप्रोपियॉन. ते मूळचे विषण्णतेवरचे. ते घेणाऱ्या काही रोग्यांची सिगारेटची ओढ आपोआप कमी झाल्याचे अमेरिकेतील वैद्यांच्या लक्षात आले आणि १९९७ साली तेथे त्यास ह्या कामासाठी मान्यता मिळाली. फेफरे येणाऱ्या माणसास मात्र ते देत नाहीत.

तिसरे, आणि आजवरचे सर्वांत परिणामकारक एकेरी औषध म्हणजे व्हरेनिक्लिन. त्याचे मूळ एका झाडात आहे. युरोपातील लॅबर्नम वृक्षात सायटिसिन नावाचे द्रव्य असते. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेना तेव्हा काही सैनिक त्या झाडाची पाने ओढीत. बल्गेरियाने १९६४ साली त्या द्रव्याच्या गोळ्या बाजारात आणल्या, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पोलंडमधील ७४० लोकांवरील चाचणीत ह्या स्वस्त गोळ्यांनी वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण २.४ वरून ८.४ टक्क्यांवर नेले. (आपल्या बहाव्यास इंग्रजीत भारतीय लॅबर्नम म्हणत असले, तरी तो सर्वथा निराळा वृक्ष आहे, त्याच्या शेंगांचा ह्या कामी प्रयोग कोणी करू नये.) सायटिसिनच्या रेणूच्या धर्तीवर फायझर कंपनीच्या रसायनज्ञांनी व्हरेनिक्लिन घडविले आणि २००६ साली अमेरिकेत ते मान्य झाले. त्याची करामत अशी, की ते निकोटिनच्याच ग्राहीवर बसते, परंतु त्यास अर्धवटच चेतविते. कालव्याच्या वितरिकेचे दार पाटकऱ्याने थोडेसे उघडून तेथेच कुलूप लावावे, म्हणजे खालचे पीक करपत नाही आणि चोरून दार पुरते उघडू पाहणाऱ्याचेही काही चालत नाही, तसे हे घडते: डोपामिन थोडे झिरपत राहते म्हणून तलफ कमी होते, आणि मोहाने बिडी ओढली तरी निकोटिनला जागा रिकामी न सापडल्यामुळे तिचे पूर्वीचे सुख लाभत नाही.

ह्या औषधावर मध्यंतरी एक बालंट आले. त्याने मन खचते, आत्मघाताचे विचार येतात, अशा तक्रारींवरून २००९ साली अमेरिकेच्या औषधप्रशासनाने त्यावर कडक इशारा छापावयास लावला. पुढे सोळा देशांतील ८,१४४ लोकांवर, ज्यांत निम्मे मानसिक विकाराचा पूर्वेतिहास असलेले होते, चाचणी झाली. मानसिक उपद्रवात लक्षणीय वाढ आढळली नाही, आणि २०१६ च्या अखेरीस तो इशारा मागे घेण्यात आला. त्याच चाचणीत बारा आठवड्यांच्या उपचाराच्या शेवटच्या चार आठवड्यांत पूर्ण सुटका झालेले लोक व्हरेनिक्लिनवर ३३.५ टक्के, त्वचेवर चिकटवावयाच्या निकोटिनच्या पट्टीवर २३.४ टक्के, ब्युप्रोपियॉनवर २२.६ टक्के आणि निष्क्रिय गोळीवर १२.५ टक्के निघाले. हे आकडे मी मुद्दाम देतो, कारण त्यांत आशा आहे आणि मर्यादाही आहे: औषधाने यशाची शक्यता अडीच पटींहून अधिक वाढते, तरी तीनपैकी दोघे पहिल्या खेपेस सुटत नाहीत. त्यांनी पुन्हा उपचार घ्यावा. एकदा न जमणे हे पुढेही न जमण्याचे प्रमाण नव्हे.

आता मळून खाणाऱ्याचे काय? स्वीडन आणि नॉर्वे येथे ओठाआड तंबाखू ठेवणाऱ्या ४३१ जणांवरील चाचणीत व्हरेनिक्लिन घेणाऱ्यांपैकी ५९ आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोक उपचाराच्या अखेरीस तंबाखूमुक्त होते. दिल्लीत २३७ जणांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकंदर फरक इतका ठळक आला नाही. गोळ्या नेमाने घेणाऱ्यांना मात्र यश अधिक आले. माझ्या मते आपल्या दोन तालुक्यांना ह्यातून घेण्याजोगा बोध नेमाचाच आहे. गोळी पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढे चार दिवस तीच दोनदा, आणि आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोनदा, अशी बारा आठवडे घ्यावयाची असते; आणि तंबाखू टाकण्याचा दिवस सामान्यतः दुसऱ्या आठवड्यात धरतात. चार दिवसांत मळमळते किंवा विचित्र स्वप्ने पडतात म्हणून गोळी टाकून देण्याऐवजी ती जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि डॉक्टरास सांगून मात्रा बदलून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते. गोळी चालू असता दारू घेऊ नये. आणि ट्रॅक्टर वा ट्रक चालविणाऱ्याने औषधाचा परिणाम आजमावल्याखेरीज चाक हाती धरू नये. दम्यासाठी थिओफिलिनची गोळी घेणाऱ्या बिडीबहाद्दरांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी: धुरातील द्रव्यांमुळे यकृत ते औषध लवकर संपवीत असते, बिडी थांबली की त्याचे रक्तातील प्रमाण वाढते, आणि म्हणून मात्रा नव्याने ठरवून घ्यावी लागते.

उशीर झाला असे मात्र कोणी समजू नये. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीत सिगारेट तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याचे सुमारे दहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्याचेही तीन वर्षांचे आयुष्य वाचलेले आढळले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली व्हरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन ह्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत निकोटिनचा पर्यायी उपचार आला. यादीतील नाव दवाखान्याच्या खिडकीवर औषध होऊन मिळाले पाहिजे, आणि तेथे रक्तदाबाची व मधुमेहाची गोळी जशी मोफत मिळते तसेच तेही मिळाले पाहिजे. बारामतीस २०१९ पासून अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरास उपजिल्हा रुग्णालय आहे. गळिताच्या हंगामात कारखान्यांच्या तळांवर जाऊन तोंडे तपासण्याची, समुपदेशनाची आणि बारा आठवड्यांचे औषध पुरविण्याची व्यवस्था ह्या संस्थांनी आणि कारखान्यांच्या संचालक मंडळांनी मिळून करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वाचकांपैकी ज्यांना सोडावीशी वाटते, त्यांनी आपल्या डॉक्टरापुढे संकोच न धरता 'मला तंबाखू सोडण्याचे औषध द्या' असे स्पष्ट सांगावे. आणि त्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले, तर केंद्र सरकारचा १८००-११-२३५६ हा दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क आहे.